पहाटेचा तास कुणाचा? ध्यान आणि व्यायाम यांच्यात अडकलेल्या एका ताईंचं प्रकरण

हे प्रकरण माझ्याकडे आलेल्या एका ताईंचं आहे. त्यांना विचारून लिहितेय, लिहून झाल्यावर त्यांना वाचायला दिलं, त्यांनी दोन ठिकाणी "असं नव्हतं गं" म्हणून दुरुस्त केलं ते तसंच बदललंय. नाव, गाव, नोकरी काही देत नाही आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील मुद्दाम बदललेत. मी फिटनेस ट्रेनर आहे, 11 वर्षं हेच काम करते, आणि स्वतःही रोज ध्यानाला बसते, त्यामुळे या प्रकरणात मी जरा जास्तच गुंतले होते. माझ्या चुकाही यात आहेत, त्या वगळल्या तर हे लिहिण्याला काही अर्थ राहत नाही.

पार्श्वभूमी

ताई तेव्हा 46 वर्षांच्या. दिवसभर खुर्चीत बसून काम, घरी नवरा, 12 वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सहा वर्षांपूर्वी वडील गेले त्या धक्क्यात त्यांनी ध्यान सुरू केलं, आधी 10 मिनिटं, मग 20, आणि मग हळूहळू पहाटे 5 ते 6 असा पूर्ण तास. कुणाच्या सांगण्यावरून वाढवला नाही, आपोआप वाढत गेला. "त्या तासात मी कुणाचीच कुणी नसते", असं त्या म्हणायच्या, आणि दिवसभर कुणाची तरी कुणीतरी असणाऱ्या बाईसाठी हे केवढं मोठं असतं ते मला नीट कळायला बराच वेळ लागला.

मग रूटीन तपासणीत एचबीए1सी 6.2 आलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा आकडा साधारण गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली साखर सरासरी कुठे होती ते सांगतो, 5.7 ते 6.4 म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर आणि 6.5 पासून पुढे डायबेटिस. डॉक्टर म्हणाले औषध आत्ता नको, आधी वजन थोडं उतरवा आणि नियमित व्यायाम करा. सल्ला योग्यच होता. अमेरिकेत 3,000 हून जास्त लोकांवर झालेला एक मोठा अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला, त्यात आठवड्याला किमान 150 मिनिटं हालचाल आणि सुमारे 7 टक्के वजन उतरवणं एवढं ध्येय ठेवलेल्या गटात डायबेटिस होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी कमी झालं होतं. म्हणजे उंबरठ्यावरून मागे फिरता येतं, आणि ताईंनी ते मनावर घेतलं. त्या जे करतात ते पूर्ण करतात, अर्धवट काही त्यांना जमतच नाही. पुढे जे झालं त्याचं मूळ याच गुणात होतं.

अडचण कशी वाढत गेली

दिवसात मोकळा तास एकच, पहाटेचा, आणि तो ध्यानाला दिलेला. मग व्यायाम कुठे बसवायचा? ताईंनी कुणालाच न विचारता निर्णय घेतला की 5 ऐवजी 4 ला उठायचं, 4 ते 5 व्यायाम, 5 ते 6 ध्यान. झोपायला मात्र 11 वाजायचे ते 11 च राहिले. म्हणजे झोप पाच तास, तीही सलग लागली तर.

पहिले तीन आठवडे छान गेले, त्यांना एकदम ताकद आल्यासारखं वाटलं, आणि मला वाटतं नवीन काही सुरू केलं की सगळ्यांनाच वाटतं. चौथ्या आठवड्यापासून ध्यानात डुलकी यायला लागली. सहा वर्षांत कधी आली नव्हती. ताईंनी याचा अर्थ असा लावला की आपल्या मनातला आळस वर येतोय, म्हणून त्या थंड पाणी मारून, पाठ जास्त ताठ करून बसायला लागल्या. नडगीचं हाड दुखायला लागलं, त्याकडे "सहन करायला शिकायचं" म्हणून बघितलं. सकाळी उठल्यावरचे हृदयाचे ठोके आधी 64 च्या आसपास असायचे ते 74 वर गेले. हे सगळं त्यांच्या मनगटावरच्या घड्याळात नोंदलेलं होतं, पण त्या बघत होत्या ते फक्त पावलं आणि कॅलरी.

घड्याळात पावलं, फोनमधल्या ध्यानाच्या अ‍ॅपमध्ये सलग दिवसांचा आकडा. तो तेव्हा 400 च्या वर गेला होता. सासूबाईंना एका रात्री अचानक हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं, ताई रात्रभर तिथेच, आणि पहाटे कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून त्यांनी अ‍ॅप उघडलं आणि एक मिनिटाचं ध्यान लावलं, आकडा तुटू नये म्हणून. हे त्यांनी मला खूप नंतर सांगितलं. म्हणाल्या, "ते एक मिनिट मी ध्यानाला बसलेच नव्हते, त्या आकड्यासाठी बसले होते. आत सासूबाई झोपेत कण्हत होत्या आणि मी डोळे मिटून टायमर संपायची वाट बघत होते."

आणि मुलाचं. एकदा पहाटे पावणेसहाला तो काहीतरी वाईट स्वप्न पडलं म्हणून उठून त्यांच्याजवळ आला, ताई डोळे उघडून त्याच्यावर ओरडल्या, "माझा तास आहे हा, कळत नाही का तुला!" तो गेला. त्यानंतर बरेच दिवस पहाटे आला नाही. आठ-दहा दिवसांनी शाळेची वही घेऊन दारात उभा राहिला आणि विचारलं, "आई, तुझा तास झाला की सांगशील?" तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. म्हणजे मुलाच्या लेखी आईचा तास दिवसभर चालूच होता.

त्यानंतर दोन दिवसांनी ताई माझ्याकडे आल्या.

मी आधी काय चूक केली

ताई नडगीच्या दुखण्यासाठी आल्या होत्या, तेवढंच सांगितलं. मी नडगी तपासली, पळणं बंद करायला लावलं, बूट बदलायला सांगितले, आणि दुखणं चालूच राहिलं तर डॉक्टरांना दाखवा म्हटलं. इथपर्यंत ठीक. मग बोलता बोलता ध्यानाचं निघालं आणि मला वाटलं वा, ही तर आपलीच माणसं, आणि मी उत्साहाने त्यांना सवयींचा एक तक्ता करून दिला. उठणं, पाणी, श्वास, स्ट्रेचिंग, ध्यान, व्यायाम, चालणं, कृतज्ञतेची वही, फोन बंद, आणखी काय काय, एकूण 11 रकाने आणि रोज टिक मारायची.

जी बाई आकड्यांखाली दबली होती तिला मी आणखी 11 आकडे दिले. दोन आठवड्यांनी तक्ता घेऊन आल्या तर एकही टिक चुकली नव्हती आणि चेहरा पार उतरलेला. तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, "ताई, तुम्ही झोपता किती?" हा प्रश्न पहिल्या भेटीत, पहिल्या पाच मिनिटांत विचारायला हवा होता. अनुभवी माणसाकडून हे सुटायला नको होतं, पण समोरची व्यक्ती शिस्तीची असली की आपण तिच्या शिस्तीवर खुश होतो आणि त्या शिस्तीची किंमत कशातून वसूल होतेय ते बघत नाही.

आणखी एक. मी त्यांना नामस्मरण करत पळायचं सुचवलं होतं, नडगी बरी झाल्यावर. वाटलं दोन्ही एका वेळात होईल. झालं असं की नामाची लय पावलांच्या लयीला बांधली गेली, पाय दमले की नाम घाईचं व्हायचं, नाम शांत केलं की पळणं रखडायचं, आणि एकदा लक्ष नसल्यामुळे त्या फुटपाथच्या कडेवरून घसरल्या, थोडक्यात वाचल्या. चार वेळा करून सोडलं. काहींना हे जमतं, विशेषतः सावकाश चालताना, पण ते सगळ्यांना जमेल असं धरून चालणं ही माझी चूक होती.

कोणकोणते पर्याय पाहिले

झोपेचं कळल्यावर आम्ही दीड तास बसून सगळं नव्याने मांडलं. आता मागे बघताना वाटतं, खरं काम त्या दीड तासातच झालं.

पहिला पर्याय सगळे सुचवतात तो, ध्यान 20 मिनिटांवर आणा आणि उरलेल्या वेळात व्यायाम. ताई म्हणाल्या, माझं मन बसायलाच 20-25 मिनिटं लागतात, 20 ला उठायचं म्हणजे दार उघडायच्या आत परत फिरायचं. हे मला पटलं कारण माझाही अनुभव असाच आहे. पण रोज नाही तरी काही दिवस छोटी बैठक चालेल का, यावर त्या विचार करते म्हणाल्या.

दिवसाआड करायचं, एक दिवस हे एक दिवस ते? ताकदीच्या व्यायामाला दिवसाआड चालतं, उलट त्याच स्नायूंना मधे दिवस-दोन दिवस मिळालेले बरेच. पण ध्यानाचा खाडा ताईंना नको होता.

संध्याकाळी व्यायाम हा त्यांनी आधीच करून पाहिला होता, पाच दिवसांतले दोन दिवस कसेबसे जमायचे, घरी आलं की घर अंगावर येतं.

योगासनं करा म्हणजे दोन्ही साधेल, असंही घरच्यांनी सुचवलं होतं. यावर आम्ही बरंच बोललो कारण हे ऐकायला इतकं बरोबर वाटतं. आसनांनी लवचिकपणा येतो, तोल सुधारतो, श्वास मोकळा होतो, मी स्वतः करते. पण सावकाश केलेल्या आसनांनी हृदयाचे ठोके पुरेसे चढत नाहीत आणि ताईंना साखरेसाठी दम लागेल अशी हालचाल आणि मोठ्या स्नायूंना वजन, दोन्ही हवं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचना बघितल्या तर मोठ्या माणसांना आठवड्याला मध्यम जोराची 150 ते 300 मिनिटं हालचाल आणि वर निदान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगितलाय. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाता येत नाही इतपत. आणि पतंजलींनीसुद्धा आसनाचं लक्षण सांगताना स्थिर आणि सुखाचं बसणं एवढंच सांगितलंय, रक्तातली साखर हा त्यांचा विषयच नव्हता. दोन गोष्टींची कामं वेगळी आहेत तर ती वेगळी राहू द्यावीत असं माझं मत तेव्हाच पक्कं झालं.

तीन महिने ध्यान पूर्ण बंद ठेवून फक्त तब्येत, हा नातेवाइकांमधल्या एकाचा सल्ला. ताई हे सांगताना गप्पच झाल्या. मी तिथेच नाही म्हटलं. वडील गेल्यावर ज्या आधाराने ही बाई उभी राहिली तो आधार काढून घेऊन तिला स्क्वॉट शिकवण्यात मला रस नव्हता.

आणि एक पर्याय आम्ही मांडला जो यादीत कुणी धरलाच नव्हता: आधी झोप वाढवायची, मग बाकीचं मावेल तेवढं.

निर्णय आणि त्यामागचं

तोच घेतला. मोठ्या माणसाला किमान सात तास झोप लागते. उठायचं सव्वापाचला, म्हणून दिवा मालवायचा सव्वादहाला. एवढं ठरवायला दोन मिनिटं लागली आणि अमलात आणायला तीन आठवडे, कारण ताईंचे 11 वाजण्याचं कारण ताई नव्हत्याच. रात्रीचं सगळं आवरणं, दुसऱ्या दिवसाची तयारी, सासूबाईंच्या गोळ्या, सगळं त्यांच्याकडे. त्या नवऱ्याला सांगायला तयार नव्हत्या. म्हणत होत्या, माझ्या साधनेसाठी दुसऱ्याला कशाला त्रास, ती मग साधना कसली.

इथे मी थोडं ठाम बोलले. म्हटलं ताई, त्रास आत्ताही होतोय, तुमच्या मुलाला होतोय, फक्त तो कुणी बोलून दाखवत नाही. त्या रडल्या. मला आजही वाटतं की हे जरा हळू सांगता आलं असतं. पण त्या रात्री त्यांनी घरी विषय काढला, आणि नवरा म्हणाला की तू सांगितलंच नाहीस कधी. रात्रीचं आवरणं त्याने घेतलं, गोळ्यांचं मुलाने. पहिले काही दिवस ताई अंथरुणातून भांड्यांचे आवाज ऐकत पडून राहायच्या आणि उठून जावंसं वाटायचं. त्या म्हणतात न उठता पडून राहणं हीच त्या महिन्यातली सगळ्यात कठीण बैठक होती.

ताई ज्यांच्याकडे ध्यान शिकल्या त्या सरांनाही त्यांनी फोन केला. मीच आग्रह केला होता, कारण बैठक कमी करायची की नाही हे सांगणारी मी कोण. सरांनी त्यांना सोण नावाच्या भिक्षूची जुनी गोष्ट सांगितली. सोण चालत ध्यान करायचा आणि इतका जोर लावला की तळपाय फुटून रक्त आलं, शेवटी सगळं सोडून घरी जावं असं त्याच्या मनात आलं. तो आधी वीणा वाजवणारा. बुद्धांनी त्याला विचारलं की तार फार ताणली तर वाजते का, फार सैल सोडली तर वाजते का. दोन्हीला तो नाही म्हणाला. मग साधनेतली मेहनतही तशीच लाव, असं त्याला सांगितलं. ताईंनी मला ही गोष्ट सांगितली तेव्हा माझ्या डोक्यात आलं की वीणेला तारा अनेक असतात आणि प्रत्येकीचा ताण वेगळा असतो. आपण ध्यानाची तार आणि व्यायामाची तार एकाच हाताने, एकाच जोराने पिळत होतो. ताकदीच्या व्यायामात शेवटच्या दोन वेळा जोर लागलाच पाहिजे, नाहीतर स्नायूला बदलायचं कारणच मिळत नाही. ध्यानात तसा शेवटचा जोर लावला की मन आवळलं जातं. ताई दोन्हीकडे शेवटचा जोर लावत होत्या.

प्रत्यक्षात काय बसवलं

सोमवार आणि गुरुवार: उठल्यावर 30 मिनिटं ताकदीचा व्यायाम घरीच, मग पाच मिनिटं नुसतं सावकाश फिरणं किंवा पाठीवर पडून राहणं, मग 25 मिनिटं बैठक. बाकीचे दिवस फक्त बैठक, 45 मिनिटं. चालणं पहाटेतून काढूनच टाकलं, ते दुपारच्या सुट्टीत 15 मिनिटं आणि रात्रीच्या जेवणानंतर 15 मिनिटं, आठवड्यातले पाच दिवस. 30 पाचे 150. पूर्वी सलग 10 मिनिटांपेक्षा कमी हालचाल मोजायची नाही असं सांगायचे, 2020 च्या सूचनांमध्ये ती अटच गेली, त्यामुळे तुकड्यांतुकड्यांनी केलेलंही धरलं जातं. शिवाय जेवणानंतर चाललं की स्नायू रक्तातली साखर वापरतात आणि ती एकदम वर चढत नाही, म्हणजे ताईंसाठी ही वेळ पहाटेपेक्षा जास्त उपयोगाची.

व्यायाम आधी की ध्यान आधी, हे आम्ही एक-एक आठवडा उलटसुलट करून पाहिलं. ध्यानानंतर वजन उचलणं ताईंना नको वाटायचं, शांत झालेलं सगळं ढवळलं जायचं. व्यायामानंतर ध्यान मात्र अपेक्षेपेक्षा चांगलं लागलं, अंग गरम, खुबे मोकळे, डुलकीचं नाव नाही. फक्त ती मधली पाच मिनिटं सोडली की पहिली दहा मिनिटं नुसती छातीतली धडधड ऐकण्यात जायची. म्हणून ती पाच मिनिटं आम्ही पक्की केली आणि माझ्या मते पूर्ण दिनचर्येतली सगळ्यात मोलाची सवय तीच ठरली. त्यात काही करायचं नाही, मोजायचं नाही. एका कामातून बाहेर यायचं आणि दुसऱ्यात अजून जायचं नाही.

बसण्याच्या पद्धतीतही थोडं बदललं. ताईंचे पाय रोज बधिर व्हायचे आणि त्या सहन करायच्या. पाय बधिर होणं म्हणजे नसेवर दाब येणं, त्यात साधना काही नाही. खाली जाड उशी घेऊन कंबर गुडघ्यांपेक्षा वर आणली, मांडी सैल केली. ज्यांना तेही जमत नाही त्यांनी सरळ खुर्चीत बसावं, दोन्ही तळपाय जमिनीवर. दोन महिने स्क्वॉट आणि खुब्याचे व्यायाम झाल्यावर ताई त्याच बैठकीत 45 मिनिटं न हलता बसायला लागल्या, आणि तेव्हा त्या मला म्हणाल्या की शरीर कमावून ध्यान वाढतं हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी व्यायामाला शत्रू समजलेच नसते.

आकड्यांचं काय करायचं यावर आमचं एकमत नव्हतं. ताईंना घड्याळ फेकूनच द्यायचं होतं. मला आकडे हवे होते, कारण हृदयाचे ठोके आणि झोप दिसली नसती तर पुन्हा कधी गाडी घसरतेय हे कळलं नसतं. शेवटी असं ठरलं की घड्याळ रात्री झोपताना हातात, बैठकीच्या वेळी ड्रॉवरमध्ये, आणि त्यातली नोंद रविवारी ताई मला पाठवतील पण स्वतः बघणार नाहीत. अ‍ॅपमधला सलग दिवसांचा आकडा मात्र त्यांनी स्वतःच पुसला, अ‍ॅपच काढलं. मी त्यांना सवयींवरचा एक अभ्यास सांगितला होता, लंडनमधला, 96 लोकांवरचा, त्यात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले पण कुणाला 18 तर कुणाला 254 दिवस लागतील असा अंदाज निघाला, आणि मुख्य म्हणजे एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. ताईंनी तो एक दिवस मुद्दाम चुकवून पाहिला. त्या सकाळी बसल्या नाहीत, मुलाशेजारी झोपून राहिल्या.

निकाल

14 आठवड्यांनी तपासणी केली. आधी घाई केली नाही कारण तांबड्या रक्तपेशी साधारण 120 दिवस जगतात, आणि हा आकडा त्यांच्यावरूनच काढतात, महिन्याभरात बघून नीट अंदाज येत नाही. एचबीए1सी 6.2 वरून 5.8. म्हणजे उंबरठा अजून ओलांडून मागे आलेल्या नाहीत पण दिशा बदलली. आहाराचं वेगळ्या तज्ज्ञ बघत होत्या त्यामुळे यातलं किती श्रेय व्यायामाला आणि किती आहाराला ते मी सांगणार नाही. वजन साडेतीन किलो उतरलं. सकाळचे ठोके 66. नडगी बरी.

डुलकी पाचव्या-सहाव्या आठवड्यात गेली, झोप वाढल्यावर. ताईंना याचं फार वाटलं, इतके दिवस मी स्वतःला आळशी म्हणत होते आणि मला नुसती झोप हवी होती. रात्रीच्या फेरीला मुलगा बरोबर यायला लागला, रोज नाही, मनाला येईल तेव्हा. एकदा पहाटे परत तो दारात येऊन उभा राहिला तर ताईंनी डोळे न उघडता शेजारची जागा हाताने थोपटली, तो बसला आणि थोड्या वेळाने तिथेच झोपला. एवढं त्यांनी मला रविवारच्या नोंदीसोबत लिहून पाठवलं होतं.

सगळं छान झालं असं मात्र नाही. पूर्ण तासाची बैठक गेली ती गेलीच, आणि ताईंना तिची आठवण येते. सोमवार-गुरुवारची 25 मिनिटं त्यांना अजूनही अपुरी वाटतात. नवऱ्याला कामानिमित्त बाहेरगावी जावं लागलं की सव्वादहाचे साडेअकरा होतात, आणि त्या आठवड्यात काय सोडायचं यावर दर वेळी नव्याने ओढाताण होते. आता एवढं ठरलंय की अशा आठवड्यात उठायची वेळ पुढे जाईल, झोप कापायची नाही, आणि जो काही वेळ उरेल त्यात आधी बैठक.

आता करायचं झालं तर

झोपेचा प्रश्न पहिला विचारेन हे तर झालंच. त्याच्या जोडीला वयाचा विचारेन. 46 व्या वर्षी पाळी जायच्या आधीचे बदल सुरू असू शकतात, ताईंना रात्री घाम येऊन जाग यायची आणि हे मला आठव्या आठवड्यात कळलं, तेही नोंदीत रोज तीनच्या सुमाराला जाग दिसल्यावर विचारलं म्हणून. मग त्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेल्या आणि बरंच सुसह्य झालं. मी आधी विचारलं असतं तर दोन महिने वाचले असते. बायका हे आपणहून ट्रेनरला सांगत नाहीत.

तक्ता देणार नाही. द्यायचाच तर एका वेळी एकच सवय, आणि ज्या माणसाला आकड्यांची ओढ आहे त्याला तीही तोंडी.

सरांशी ताईंचं बोलणं मी दुसऱ्याच आठवड्यात घडवून आणलं असतं. व्यायामवाला एकीकडे, साधना शिकवणारा दुसरीकडे, डॉक्टर तिसरीकडे, आणि प्रत्येक जण आपला तास मागतो, मधे माणूस फाटतो. या तिघांना एकमेकांचं माहीत असायला हवं, निदान त्या माणसाने तिघांना एकच दिनचर्या दाखवायला हवी.

आणि घरच्यांना पहिल्याच आठवड्यात बोलवेन. मुलाचा तो प्रश्न मी आधी ऐकला असता तर नडगीपाशी दोन आठवडे घालवले नसते.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. ताई पुढच्या महिन्यात 10 दिवसांच्या शिबिराला जातायत, रोज कितीतरी तास बैठक, व्यायामाला परवानगी नाही, मधल्या सुट्टीत चालता येतं. त्यांना भीती वाटतेय की सगळं घालवून बसेन. 10 दिवसांत ताकद फारशी जात नाही, ती टिकते, हे मी सांगितलंय, पण डॉक्टरांनाही विचारून घ्या म्हटलं कारण इतके तास बसणं त्यांच्या साखरेच्या दृष्टीने कसं ते मी ठरवू शकत नाही. डॉक्टरांनी प्रत्येक सुट्टीत चाला एवढ्या अटीवर जा म्हटलंय. घड्याळ माझ्याकडे ठेवून जाणार आहेत. परत आल्या की पहिल्या सोमवारी नेहमीची 30 मिनिटं, निम्म्या वजनाने.